पीकेव्हीची मिनी दालमिल कोणाची? सरकारी प्रयोगशाळेतलं तंत्र गटापर्यंत येते कसं



तूर घरात आली की वऱ्हाडात दरवर्षी एक हिशोब होतोच. अख्खी तूर विकली तर काय भाव पडते, अन् डाळ करून विकली तर काय पडते. हा हिशोब गटाच्या बैठकीत निघाला की कोणी ना कोणी म्हणतेच, "आपण पीकेव्हीची मिनी दालमिल घेऊ." मग कोटेशन येतात, बँकेच्या चकरा सुरू होतात, कर्जाच्या कागदावर सह्या होतात. पण एक प्रश्न फार कमी बैठकीत विचारला जातो. हे मशीन नेमकं कोणाचं आहे? दुकानदाराचं? बनवणाऱ्या कारखान्याचं? का विद्यापीठाचं?

या अंकाचा अभ्यास या प्रश्नावर आहे. वाचताना कंटाळा आला तर थांबा, पण शेवटचा खरेदीचा भाग बैठकीत मोठ्याने वाचा. तिथे गटाचा पैसा गुंतलेला आहे.

नावातच मालक आहे

पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ, आपलं अकोल्याचं. आता त्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ म्हणतात, पण मशीनला अन् बियाण्याला जुनंच नाव चिकटून राहिलं. भाऊसाहेब अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते. विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला सुरू झालं.

राज्यातली राहुरी, अकोला, परभणी अन् दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९८३ च्या महाराष्ट्र कृषी विद्यापीठे अधिनियमाखाली चालतात. या कायद्यात विद्यापीठाची तीन कामं सांगितली आहेत: शिक्षण, संशोधन अन् विस्तार. विस्तार म्हणजे शोधलेलं तंत्र शेतकऱ्यापर्यंत नेणं. म्हणून आपण विद्यापीठात जाऊन "या मशीनची माहिती द्या" म्हटलं तर कोणी आपल्यावर उपकार करत नाही. ते त्यांचं कायद्याने ठरवलेलं काम आहे. आपण मात्र गेटवरच अर्ध्या होऊन जातो.

तुरीचं सालपट निघता निघत नाही

हरभरा लवकर मोकळा होते, तूर होत नाही. तुरीचं सालपट अन् आतली डाळ यांच्या मधात एक डिंकासारखा चिकट थर असते. तो सैल केल्याशिवाय नुसतं भरडलं तर डाळ कमी अन् चुरी जास्त. आपल्या आज्या हे जाणत होत्या. तूर भिजवायच्या, तेलाचा हात लावायच्या, रात्रभर झाकून ठेवायच्या, उन्हात वाळवायच्या, मग जात्यावर घालायच्या.

मिनी दालमिलमध्ये तत्त्व तेच आहे, फक्त हाताऐवजी रोलर. हा रोलर एमरीचा, म्हणजे खरखरीत कुरुंदाच्या दगडासारखा. पहिल्या फेरीत तो दाण्याला ओरखडे पाडतो, म्हणजे तेल आत मुरायला वाट मिळते. मग तेल लावायचं, ढीग करून ठेवायचा, दोन-तीन दिवस ऊन द्यायचं, पाणी शिंपडून मुरवायचं, अन् पुन्हा रोलरवर घालायचं. खालच्या चाळण्या डाळ, चुरी अन् अख्खा राहिलेला दाणा वेगळा करतात, पंखा सालपट उडवते. नीट केलं तर क्विंटलभर तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. उरलेली चुरी अन् टरफल ढोरांना जाते, तेही फुकट जात नाही.

दाण्यात डाळीचा भाग तसा ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे मधातले दहा-बारा किलो कुठे जातात हे बरंचसं रोलर, चाळणी अन् चालवणारीच्या हातावर ठरते. रोलरचा थर घिसला असेल, जाळीतलं अंतर चुकलं असेल, तर पाच किलो डाळ चुरीत गेलेली समजतही नाही. नकली किंवा अर्धवट नकलेचं मशीन इथेच मारते. दिसायला दोन्ही सारखीच, रंगही तोच.

मक्ता अन् बटई

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यापीठाने मशीन शोधलं, पण विद्यापीठ काही कारखाना टाकून हजारो मशीन बनवत नाही. ते बनवणाऱ्या कारखानदाराशी करार करते. नकाशे देते, मापं देते, शिकवते, अन् त्याबदल्यात पैसे घेते. यालाच तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या वावराचीच आहे.

आपण वावर मक्त्याने देतो तेव्हा काय करतो? वर्षाचे ठरलेले पैसे एकदाच घेतो. बटईने दिलं तर निघालेल्या मालातला हिस्सा घेतो. दोन्हीत सातबारा आपल्याच नावावर राहते. तंत्राचंही तसंच आहे. एकरकमी फी म्हणजे मक्ता. दर मशीनमागे ठरलेला हिस्सा, ज्याला रॉयल्टी म्हणतात, ती बटई. करार किती वर्षांचा, कोणत्या भागापुरता, मशीनचा दर्जा कोण पाहणार, हे सगळं कागदावर असते. तो कागद म्हणजे परवाना. मुदत संपली की मक्तेदाराने वावर सोडायचं असते, तसंच परवाना संपला की विद्यापीठाचं नाव वापरायचं नाही.

एक कलम मात्र खास बघण्यासारखं आहे. परवाना एकालाच द्यायचा की अनेकांना? एकालाच दिला तर तो भाव ठरवेल, आपण मुकाट्याने द्यायचे. अनेकांना दिला तर चार ठिकाणी भाव विचारता येते, अन् गावाजवळ दुरुस्तीही मिळू शकते. जे संशोधन लोकांच्या करातून झालं, ते अनेकांना खुलं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण मोबाईलच्या रिचार्जवरसुद्धा कर भरतोच.

देशात याचा कायदा आहे का?

जगात या विषयावरचा सगळ्यात गाजलेला कायदा अमेरिकेचा. १९८० साली तिथे बे-डोल कायदा झाला. सरकारी पैशातून विद्यापीठात शोध लागला तर त्याची मालकी विद्यापीठाने ठेवावी अन् परवाने देऊन तो बाजारात आणावा, असं त्यात ठरलं. त्याच वर्षी स्टीव्हन्सन-वायडलर नावाचा दुसरा कायदा आला. त्याने सरकारी प्रयोगशाळांना सांगितलं की शोध कपाटात ठेवू नका, बाहेर देण्याचं कामही तुमचंच आहे.

आपल्याकडे याचं काम त्याआधीच, वेगळ्या वाटेने सुरू झालं होतं. १९५३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापन केलं. प्रयोगशाळेतला शोध उद्योगाला मिळवून द्यायचा, हेच त्याचं काम. पुढे १९९५ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळाचा कायदा झाला. परदेशातून तंत्र विकत आणणाऱ्या कंपन्यांवर एक उपकर होता अन् त्यातून देशी तंत्र बाजारात आणायला मदत करायची, अशी योजना होती. तो उपकर २०१७ मध्ये बंद झाला.

अमेरिकेसारखा एकच मोठा कायदा आपल्याकडेही आणायचं ठरलं होतं. डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत तसं विधेयक मांडलं गेलं. सरकारी पैशातून शोध लागला की शास्त्रज्ञाने संस्थेला कळवायचं, संस्थेने सरकारला कळवायचं, पेटंट घ्यायचं, अन् मिळणाऱ्या रॉयल्टीतला निदान ३० टक्के हिस्सा शोधकर्त्याला द्यायचा. बाजूचे लोक म्हणाले, याने शोध कपाटात पडून राहणार नाहीत. विरोधातले म्हणाले, लोकांच्या पैशातून झालेली गोष्ट लोकांनाच पुन्हा विकत घ्यावी लागेल, अन् शास्त्रज्ञ पैसा मिळेल तेच शोधतील, गरिबाच्या गरजेचं मागे पडेल. संसदेच्या स्थायी समितीकडे ते गेलं, चर्चा झाली, अन् पुढे विधेयक मागेच घेण्यात आलं.

म्हणून आज सगळ्या प्रयोगशाळांना लागू होणारा असा एकच कायदा आपल्याकडे नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेने आपल्या संस्थांसाठी २००६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं केली. विद्यापीठांचे आपापले नियम आहेत, औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांचे वेगळे. गटाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: प्रत्येक संस्थेत जाऊन तिची फी, मुदत अन् अट स्वतंत्र विचारावी लागते. एका ठिकाणी मिळालेलं उत्तर दुसरीकडे चालत नाही.

परवाना संघालाही घेता येते

आपल्या डोक्यात असं बसलं आहे की तंत्र घेणारा म्हणजे कारखानदार अन् आपण म्हणजे गिऱ्हाईक. पण अमूलची गोष्ट बघा. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून लहान बाळांसाठी पावडर करण्याचं तंत्र तिथे तयार झालं. ते बाजारात आणलं कोणी? गुजरातमधल्या आणंदच्या खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने. म्हणजे दोन-दोन, चार-चार लिटर दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाने राष्ट्रीय प्रयोगशाळेचं तंत्र घेतलं.

आपला प्रभाग संघ उद्या दालमिल बनवण्याचा कारखाना टाकणार नाही, हे खरं आहे. पण मसाले, सोयाबीनचे पदार्थ, संत्र्याचे टिकाऊ पदार्थ यांच्या प्रक्रियेचं तंत्र तर घेऊ शकतो ना? तिथे मशीन नसते, कृती असते: किती तापमान, किती वेळ, कोणतं प्रमाण. एका गटाला फी जड जाईल. पन्नास गटांच्या संघाला तीच फी प्रति सभासद किती पडते, ते वहीत मांडून पाहा. करार संघाच्या नावाने केला तर सगळ्या गटांना वापरता येईल, असं कलम मात्र लिहूनच घ्यावं. तोंडी "हो हो, चालते ना" याला काही किंमत नाही.

बियाण्याची पिशवी

मशीनपेक्षा जुनं अन् जास्त पसरलेलं उदाहरण आपल्या कोठीतच आहे. उडदाचा टीएयू-१ हा वाण ऐकला असेल. त्यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद. मुंबईच्या ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे बियाण्यावर किरणांचा प्रयोग करून नवे गुण मिळवायचे, निवड अन् संकर करायचा, अन् अकोल्याच्या विद्यापीठात त्याची परीक्षा घ्यायची, असं हे जोडकाम. टीएयू-१ हा १९८५ चा वाण. भुईमुगाचा टीएजी-२४ अन् भुरीला दाद न देणारा मुगाचा टीएआरएम-१८ हेही याच जोडीचे. (किरणं म्हटलं की काही ताया घाबरतात. प्रयोग पहिल्या बियाण्यावर होते. आपल्या हातात येणाऱ्या दाण्यात किरणं उरत नाहीत.)

या वाणांसाठी गावात कोणी रॉयल्टी भरायला गेलं नाही. बियाणं विद्यापीठातून महाबीजकडे, महाबीजकडून दुकानात, अन् पुढच्या वर्षी एका वावरातून दुसऱ्या वावरात गेलं. शेजारणीला पायलीभर बियाणं देणं हेच आपलं तंत्रज्ञान हस्तांतरण.

ही रीत आता कायद्यातही आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात वाण शोधणाऱ्याला नोंदणीचा हक्क मिळाला. हंगामी पिकांसाठी तो १५ वर्षांचा. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला नोंदणी झालेल्या वाणाचंही बी राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, वाटून देणं, एवढंच नाही तर विकणंही मोकळं ठेवलं. अट एकच: नोंदलेल्या वाणाचं लेबल लावून पाकीटबंद विकायचं नाही. शिवाय वाणाचा जो गुण सांगितला तो शेतात उतरला नाही, तर नुकसानभरपाई मागता येते. अन् प्राधिकरणापुढे शेतकऱ्याला किंवा शेतकऱ्यांच्या गटाला फी लागत नाही.

हा हक्क कागदावरच राहते असं नाही. २०१९ मध्ये गुजरातमध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदलेल्या बटाट्याचं बी लावलं म्हणून शेतकऱ्यांवर दावे टाकले. त्यातल्या चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीच्या वर रक्कम मागितली. शेतकऱ्यांनी अन् त्यांच्या बाजूच्या संघटनांनी कलम ३९ पुढे केलं, देशभर ओरड झाली, अन् कंपनीने दावे मागे घेतले. बियाणं उत्पादन करणाऱ्या आपल्या गटांनी हे कलम पाठच करून ठेवावं. बी साध्या गोणीत, वाणाचं खरं नाव सांगून द्यायचं. कोण्या कंपनीची पिशवी पुन्हा वापरायची नाही.

आज्जीचं ज्ञान कोणाचं?

वर सांगितलं की तुरीला तेल लावून मुरवण्याची रीत आपल्या आज्यांची. मग कोणी तिचं पेटंट घेतलं तर? हळदीच्या बाबतीत तसं झालंही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, जुने ग्रंथ अन् लेख पुढे ठेवून ते आव्हानात नेलं. १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुरावा लिहिलेला होता म्हणून जिंकलो, हे लक्षात ठेवा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही शेतीच्या पद्धतीचं अन् परंपरेने चालत आलेल्या ज्ञानाचं पेटंट देत नाहीत. विद्यापीठाच्या मशीनमध्ये रोलर, चाळणी, रचना ही विद्यापीठाची. तेल लावून ऊन देण्याची रीत कोणाच्याही बापाची नाही, ती सगळ्यांची.

आता खरेदी

कोटेशन हातात आलं की आधी बिलावर नाव काय लिहून येणार ते विचारा. "पीकेव्ही मिनी दालमिल" अन् "पीकेव्ही टाईप दालमिल" यात एका शब्दाचा फरक आहे, पण तोच फरक सातबारा अन् तोंडी बोलण्यात असते. "टाईप" म्हणजे तसं दिसणारं. विद्यापीठाशी करार आहे म्हणता, तर त्याची प्रत दाखवा, असं विक्रेत्याला सांगा. प्रतीवर कारखान्याचं नाव बिलावरच्या नावाशी जुळते का, अन् आजच्या तारखेला मुदत शिल्लक आहे का, हे दोघींनी मिळून पाहा. तपासणी अहवाल मागा. रोलरचा थर घिसल्यावर नवीन कुठे बसवून मिळते, किती दिवसांत, किती पैशांत, हे बिलावर लिहून घ्या. मुगाची अन् हरभऱ्याची चाळणी सोबत येते का वेगळी घ्यावी लागते, तेही विचारा.

पैसे देण्याच्या आधी आपली स्वतःची एक क्विंटल तूर घेऊन जा अन् डोळ्यांसमोर काढून घ्या. डाळ, चुरी, टरफल तिन्ही वेगळं तोलायचं. विक्रेता आपली तयार ठेवलेली तूर दाखवत असेल तर ती बाजूला ठेवायला सांगा, कारण ती आधीच नीट मुरवलेली असते.

करार खरा की खोटा हे कसं कळणार? अकोल्याला विद्यापीठात विचारा. जाणं जमत नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातून चौकशी करा. अमरावती जिल्ह्यात घातखेड अन् बडनेऱ्याजवळ दुर्गापूर इथे ती आहेत. तिथूनही उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे सरकारी संस्थेने ज्यांना परवाने अन् अधिकार दिले त्यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. नाही दिसली तर दहा रुपयांचा अर्ज, उत्तर ३० दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या ताईच्या नावाने अर्ज केला तर तेही दहा रुपये लागत नाहीत. अर्ज लांबलचक नको. एवढंच लिहा: "मिनी दालमिल तयार करण्याचा आज वैध परवाना असलेल्या उत्पादकांची नावे, पत्ते व परवान्याची मुदत मिळावी."

पैशाचं म्हणाल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत गटाच्या प्रक्रिया उद्योग करणाऱ्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल अन् प्रकल्पाला ३५ टक्क्यांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं आहे. आज अर्ज सुरू आहेत का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. अनुदान मिळते म्हणून महाग मशीन घेऊ नका. उरलेले ६५ टक्के गटालाच फेडायचे आहेत.

ज्या गटांकडे दालमिल आधीच आहे, त्यांनी येत्या प्रभाग संघाच्या बैठकीला मशीनचं बिल, मशीनवरच्या पट्टीचा मोबाईलमध्ये काढलेला फोटो अन् मागच्या हंगामाची वही आणावी: किती तूर घातली, किती डाळ निघाली. सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडू. कोणाच्या क्विंटलमागे ६५ निघते अन् कोणाच्या ७४, हे दिसलं की कोणत्या कारखान्याचं मशीन अन् कोणाचा रोलर, हे विचारायला सोपं जाईल.